कोजी घरी कशी लावायची: बुरशीकडून भाताची साखर करून घेण्याची पूर्ण कृती

आमच्या फ्रिजच्या दारात पाचक सिरपची बाटली कायम असते, जेवण जड झालं की सासरे दोन चमचे घेतात. एकदा सहज लेबल वाचलं तर पेप्सिनच्या शेजारी लिहिलेलं, फंगल डायस्टेज १:१२००. फंगल म्हणजे बुरशीचं. म्हणजे आपण बुरशी म्हटलं की नाक मुरडणार आणि बुरशीने केलेलं औषध मात्र चमच्याने पिणार, मला हे भारीच वाटलं. ते १:१२०० म्हणजे ठरलेल्या चाचणीत एक भाग डायस्टेज बाराशे भाग स्टार्च पचवतं. डायस्टेज हे जुनं नाव, आता अमायलेज म्हणतात, आणि शाळेच्या पुस्तकात विकर म्हणजे एन्झाइम म्हणून जे होतं त्याच घराण्यातलं हे एक.

त्या लेबलवरून जी घसरले ती थेट जपानच्या कोजीपर्यंत गेले. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर (किंवा जवावर, सोयाबीनवर) मुद्दाम वाढवलेली अॅस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी. साके (तांदळाची दारू), मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट), सोया सॉस सगळ्याच्या मुळाशी हीच. जपानच्या ब्रूइंग सोसायटीने २००६ मध्ये तिला राष्ट्रीय बुरशी म्हणून जाहीर केलंय आणि २०२४ च्या डिसेंबरात कोजीवर साके वगैरे बनवण्याची पारंपरिक कला युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. मी साके करत नाही, आणि महाराष्ट्रात घरी दारू बनवणं गुन्हा आहे त्यामुळे तुम्हीही त्या वाटेला जाऊ नका. मी करते ती कोजी आणि तिच्यापासून आमाझाके, म्हणजे भाताचं गोड पेय, ज्यात साखरेचा एक दाणा घालत नाही आणि तरी ते खिरीइतकं गोड लागतं. खाली सगळं लिहिलंय, मी केलेल्या चुकांसकट.

आधी हे डोक्यात बसवा, नाहीतर सगळं फुकट

बुरशी वेगळी आणि तिचं एन्झाइम वेगळं. बुरशी जिवंत आहे, तिला ३० ते ३५ डिग्री आवडतं, ४५ च्या वर गेलं की वाढ थांबते आणि ती मरायला लागते. एन्झाइम जिवंत नाही, ते एक प्रोटीन आहे, कात्री समजा, आणि ती कात्री सगळ्यात झपाट्याने चालते ५५ ते ६० डिग्रीला, जिथे बुरशी केव्हाच मेलेली असते. ७० च्या वर नेलं तर मात्र कात्रीही मोडते. म्हणून काम दोन टप्प्यांत: पहिले दोन दिवस बुरशीला सांभाळून एन्झाइम तयार करून घ्यायचं, मग तिला बाजूला सारून नुसत्या एन्झाइमकडून भात तोडून घ्यायचा. ज्यांची कोजी किंवा आमाझाके बिघडते त्यातल्या बहुतेकांनी हे दोन टप्पे एकाच तापमानात कोंबलेले असतात. मी पण कोंबले होते.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. त्यामुळे ती जेवण बाहेरच पचवते, एन्झाइम आजूबाजूला सोडते, स्टार्चची साखर झाली की ती शोषून घेते. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांच्या लांबच लांब माळा. कोजीत मुख्य दोन एन्झाइम असतात. अल्फा अमायलेज माळ मधेच कुठेही कापतं, त्याने घट्ट पेज पटकन पातळ होते पण गोडी फार येत नाही. दुसरं ग्लुकोअमायलेज, ते माळेच्या टोकापासून एकेक मणी काढत बसतं, हे निवांत काम आहे, पण खरी गोडी तिथून येते. म्हणून आमाझाके तासाभरात पातळ झालं तरी गोड व्हायला सहा-आठ तास लागतात, लोक तासाभराने चाखतात आणि म्हणतात झालं नाही.

पातळ होण्याचा अनुभव तसा आपल्याला आहेच. मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ होते, ती मोडातल्या अमायलेजमुळे. युरोपात बिअरसाठी मोड आलेले जव वापरतात तेही ह्याचसाठी. पूर्वेकडच्या देशांनी हेच काम बुरशीला दिलं, आणि आपल्याकडेही सिक्कीम-दार्जिलिंगची मार्चा किंवा मणिपूरची हामेई ह्या तांदळाच्या चकत्यांमध्ये म्यूकर, ऱ्हायझोपस अशा बुरश्या असतात ज्या हेच करतात.

आणि ते बाटलीतलं डायस्टेज आलं कुठून, तर जोकिची ताकामिने नावाचा जपानी रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत गेला, मोडाच्या जवाऐवजी कोजी वापरून व्हिस्की करायची त्याची योजना होती, ती काही धड पार पडली नाही, पण गव्हाच्या कोंड्यावर कोजी वाढवून त्यातून त्याने एन्झाइम काढलं आणि १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. पार्क-डेव्हिस कंपनीने ते ताका-डायस्टेज नावाने अपचनावर विकलं. आमच्या सासऱ्यांची बाटली त्याच खानदानातली.

बी कुठलं, आणि कुठलं नाही

हे तुम्ही वगळलंत तर बाकीचं वाचू नका. शिळ्या पावावर, भातावर, शेंगदाण्यावर आलेली हिरवी बुरशी उचलून कोजी लावायची नाही. कधीच नाही. ओरायझीची सख्खी बहीण म्हणावी अशी एक बुरशी आहे, अॅस्परजिलस फ्लेवस, दिसायला जवळजवळ तशीच, आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते जे यकृत खराब करतं आणि शिजवून जात नाही. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली, ती ह्याच विषाने. ओरायझीची जात शेकडो वर्षं माणसाने जवळ ठेवून निवडलेली आहे, ती हे विष करत नाही.

म्हणून बी विकतच घ्यायचं. जपानीत त्याला ताने-कोजी म्हणतात, पिवळट हिरवी पावडर असते, ऑनलाइन मिळते. आपण विरजण लावतो तसंच हे, फरक इतकाच की मागच्या कोजीतून पुढची लावत राहायची नाही. एक-दोनदा जमेल, तिसऱ्यांदा त्यात कोण पाहुणा शिरलाय ते तुम्हाला डोळ्यांनी कळणार नाही. पाकीट घट्ट बंद करून फ्रिजमध्ये. किती घालायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं (कुणी शुद्ध बीजाणू विकतं, कुणी तांदळाच्या पिठात मिसळून), त्यामुळे माझं प्रमाण सांगून उपयोग नाही.

पावडर हाताळताना मास्क लावा, पंखा बंद करा. दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर हा छंद तुमचा नाही, सरळ सांगते.

तांदूळ

जुना कोलम सगळ्यात सोपा. इंद्रायणीचा वास मला प्राणप्रिय आहे पण कोजीला नको, चिकट आहे, दाणे एकमेकांना धरून बसतात आणि मधे हवा जात नाही. कोकण-गोव्याकडचा उकडा तांदूळ असेल तर तोही चांगला चालतो, दाणे सुटे राहतात, फक्त भिजायला आणि वाफवायला जास्त वेळ द्यायचा.

बाकी सामान: मोदकपात्र किंवा इडलीचं मोठं भांडं आणि त्यात बसणारी चाळण, दोन-तीन धुतलेले सुती पंचे (फॅब्रिक कंडिशनरचा वास नसलेले), पसरट ट्रे किंवा परात, थर्माकोलचा डबा, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि टोचायचा थर्मामीटर. थर्मामीटरवर कंजूषी करू नका. हाताला कोमट वाटणं हे माप नाही, माझ्या हाताला ४७ सुद्धा कोमटच वाटलं होतं, तो किस्सा पुढे येतोच.

शुक्रवार रात्र ते शनिवार सकाळ

मी शुक्रवारी रात्री सुरू करते म्हणजे सोमवारी ऑफिसच्या आधी मोकळं होता येतं. अर्धा किलो तांदूळ, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचे. पाच-सहा पाणी तरी लागतात. दाण्यावरचं सुटं पीठ राहिलं तर वाफवताना त्याची खळ होते आणि दाणे चिकटतात. मग भरपूर पाण्यात रात्रभर, आठ तास. थंडीत दहा-बारा.

सकाळी चाळणीत निथळत ठेवायचे, दीड तास. दीड तास म्हणजे दीड तास, मधे एकदा चाळण तिरकी करून खालचं पाणीही जाऊ द्या. ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात. वजन करायची सवय लावा: ५०० ग्रॅमचे निथळल्यावर साधारण ६४० होतात, वाफवल्यावर ६९० च्या आसपास. सातशेच्या बरंच वर गेलं तर पाणी जास्त आहे.

आता वाफवायचे, शिजवायचे नाहीत. पाण्यात तांदूळ घालून कुकरला लावला तर तो भात झाला, त्यावर कोजी लागत नाही. पहिल्या वेळी मी हेच केलं होतं, आळशीपणा, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी पंचा उघडला तर दाण्यांना तार सुटलेली आणि नवसागरासारखा वास. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, बुरशी आलेला भात टाकून द्यायचा असतो, झाकून नाही ठेवायचा." त्या वेळी त्यांचंच बरोबर होतं, कारण ती बुरशीही नव्हती, ओल्या भातात बॅक्टेरिया माजले होते.

तर पंच्यात सैल बांधून चाळणीवर ठेवायचं, खालचं पाणी आधीच उकळतं हवं, ४५ ते ६० मिनिटं. झाकणाचं पाणी तांदळावर टपकू नये म्हणून झाकणालाही फडकं बांधा, मोदकाला बांधतो तसं. झालं की नाही बघायला एक दाणा बोटांत चिरडा: आत पांढरा कच्चा ठिपका नको, चिरडल्यावर रबरासारखा ताणला जायला हवा, पण बाहेरून हाताला कोरडा लागला पाहिजे. बाहेर कोरडा का, तर बुरशीला पाण्याच्या शोधात दाण्याच्या आत शिरावं लागतं आणि ती जितकी आत शिरेल तितकं एन्झाइम जास्त. वरूनच ओला मिळाला तर ती वरच्यावर पांढरी चादर घालून बसते, दिसायला सुरेख, कामाला शून्य.

परातीत पसरून गुठळ्या मोडत मोडत ३५ डिग्रीपर्यंत गार करा. ४० च्या वर असताना बी टाकलं तर फुकट जाईल, आणि अगदी गार झालं तर बी उगवायला वेळ लागेल, तेवढ्यात दुसरं काहीतरी उगवेल. चहाच्या गाळणीतून अर्धं बी भुरभुरवा, हात स्वच्छ धुऊन दाणे वरखाली करा, मग उरलेलं अर्धं. नीट चोळून मिसळा, पण दाणे फुटू देऊ नका.

शनिवार: झाकून विसरा (जवळजवळ)

ढीग करून ओलसर, घट्ट पिळलेल्या पंच्यात गुंडाळायचं, थर्मामीटर मधोमध खुपसायचा आणि थर्माकोलच्या डब्यात गरम पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवायचं, चिकटून नाही. मधलं तापमान ३० ते ३३. डब्याचं झाकण बोटभर उघडं, बुरशीला हवा लागते. दर तीन-चार तासांनी बाटल्यांतलं पाणी बदललं की झालं. एप्रिल-मे मध्ये ह्या बाटल्याबिटल्या काही लागत नाहीत, घरच ३४ डिग्री असतं. भर पावसाळ्यात मात्र मी लावतच नाही, ओल इतकी असते की कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे कोजीवर आलेली कुठली हे कोण ठरवणार.

पहिले बारा-चौदा तास काहीच होत नाही. होत असतं, दिसत नाही. रात्री झोपताना नाक जवळ न्या, मंद गोडसर वास यायला लागलेला असतो.

रविवार: आता झोपायचं नाही

सकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे बी लावून वीसेक तासांनी, दाण्यांवर पांढरे ठिपके दिसतील आणि ढीग थोडा बांधला गेलेला असेल. इथून खेळ उलटा होतो. आतापर्यंत आपण तिला ऊब देत होतो, आता ती स्वतः तापते. जिवंत आहे, खातेय, तर उष्णता सोडणारच, आणि ती इतकी सोडते की ढिगाचं मधलं तापमान तासा-दोन तासात पाच-सहा डिग्री चढू शकतं. बाटल्या बाहेर काढा. सगळ्या गुठळ्या फोडून दाणा न् दाणा मोकळा करा, ट्रेमध्ये तीन-चार सेंटीमीटरचा थर पसरा, वरून ओलसर पंचा.

दुपारी एकच्या सुमाराला परत तेच. आता पांढरं जाळं चांगलं दिसतं, दाणे पुन्हा बांधले गेलेले असतात, पुन्हा फोडा आणि ह्या वेळी थरात बोटांनी सऱ्या पाडा, वाफ्यात पाडतो तशा, म्हणजे हवेला जास्त जागा मिळते. इथून शेवटपर्यंत तापमान ३६ ते ४० मध्ये ठेवायचं. ह्याचं कारण ऐका, कारण बऱ्याच ठिकाणी नुसतं ३० डिग्री, ३० डिग्री सांगतात: ह्या शेवटच्या टप्प्यात थोडं गरम ठेवलं, ३८-४० च्या आसपास, तर स्टार्च तोडणारी एन्झाइम जास्त तयार होतात, आणि ३०-३५ ला ठेवलं तर प्रोटीन तोडणारी. आपल्याला गोडी हवी असेल तर गरम, सोया सॉस किंवा मिसो करायचा असेल तर थंड बाजू. पण ४२ ही लक्ष्मणरेषा.

आता तो किस्सा. दुसऱ्या वेळी रविवारी संध्याकाळी आम्ही एका रिसेप्शनला गेलो, कोजी डब्यात, झाकण बंद, सऱ्या पाडलेल्या नाहीत. साडेदहाला परत आलो तर थर्मामीटर ४७. वरून हात लावला तर कोमट, छान. उघडलं तर मधला भाग घामाने ओला, आंबूस वास, पांढरं जाळं चोपलेलं. म्हणून रविवार संध्याकाळचे कार्यक्रम घेऊ नका, किंवा घेतलेत तर ट्रे डब्याबाहेर काढून पातळ पसरून जा. थोडी थंड पडलेली कोजी उशिरा का होईना होते, भाजलेली परत येत नाही.

सोमवार सकाळ: झाली का

४४ ते ४६ तास. दाणे पांढऱ्या लोकरीत, सगळे मिळून एक वडी झाल्यासारखी, उचलली तर अखंड उचलली जाते. वास उकडलेल्या फणसाच्या आठळ्यांसारखा, थोडा अळंबीचा. जपानी लोक चेस्टनटचा वास म्हणतात, आपल्याला आठळी जवळची. दाणा चावून बघा, गोडसर लागला पाहिजे, आणि आडवा तोडला तर पांढरेपणा आतपर्यंत गेलेला दिसला पाहिजे.

कडेला किंचित पिवळट-हिरवट दिसायला लागलं तर ते बीजाणू, म्हणजे उशीर झाला, ताबडतोब थांबवा, विषारी नाही पण चवीला कुबट. पण छत्तीस तासांच्या आत हिरवा डाग दिसला, किंवा कधीही काळा, गुलाबी, केशरी डाग दिसला, किंवा नवसागराचा, सडका वास आला तर सगळं टाकून द्यायचं. तेवढाच भाग काढू आणि बाकी वापरू, असं नाही. अर्धा किलो तांदूळ आहे, सोनं नाही.

थांबवायचं म्हणजे वडी मोडून पसरून गार करायची आणि फ्रिजमध्ये. दोन-तीन आठवडे टिकते, फ्रीजरमध्ये तीन महिने आरामात. गोठवल्याने एन्झाइमचं काही बिघडत नाही.

काम करतंय का ते बघायची घरगुती टेस्ट

मला हा भाग सगळ्यात आवडतो आणि घरात शाळेतलं पोर असेल तर त्याला सोबत घ्या. एक चमचा कॉर्नफ्लोअर पाव लिटर पाण्यात उकळून पातळ खळ करा, कोमट होऊ द्या. २० ग्रॅम कोजी चुरडून १०० मिली कोमट पाण्यात तासभर ठेवा आणि पंच्यातून गाळा, हे तुमचं एन्झाइमचं पाणी. त्यातलं अर्धं पाच मिनिटं उकळून गार करा. आता चार कपांत खळ सारखी ओता: एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात कोजीचं पाणी, तिसऱ्यात उकळलेलं कोजीचं पाणी, चौथ्यात एक चमचा पाचक सिरप. सगळे कप कोमट पाण्याच्या परातीत ठेवा.

औषधाच्या कपाटातलं बिटाडिन घ्या (त्यात आयोडीन असतं), दहापट पाणी घालून पातळ करा. दर दहा मिनिटांनी प्रत्येक कपातला एक थेंब पांढऱ्या बशीवर आणि त्यावर बिटाडिनचा एक थेंब. स्टार्च असेल तर गडद निळा. कोजीच्या कपात तो निळा हळूहळू जांभळा, मग तांबूस, आणि शेवटी बिटाडिनचा स्वतःचा पिवळट रंग तेवढा उरतो, म्हणजे आयोडीनला धरायला लांब माळच शिल्लक नाही. नुसत्या पाण्याचा आणि उकळलेल्या कोजीचा कप निळाच राहतो. तो उकळलेला कप सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याने सिद्ध होतं की काम एन्झाइमचं आहे, नुसतं खळ पातळ झाल्याचं नाही. सिरपचा कप आमच्याकडे कोजीच्या मागोमाग रंग सोडत गेला आणि सासरे खूश झाले की औषध खरं आहे.

दोन सूचना. थेंब गार असू द्या, गरम स्टार्चवर आयोडीनचा निळा रंग उडतो आणि तुम्हाला वाटेल काम फत्ते झालं. आणि लिंबू किंवा व्हिटॅमिन सीची गोळी जवळपास नको, व्हिटॅमिन सीने आयोडीनचा रंग जातो, स्टार्च असो नसो. तपासलेले कप मोरीत ओतायचे, प्यायचे नाहीत.

दुसरा टप्पा: आमाझाके

२०० ग्रॅम कोजी, २०० ग्रॅम शिजलेला मऊ भात (इथे मात्र गुरगुट्याच हवा, आणि इथे इंद्रायणी बेस्ट), ४०० मिली पाणी. स्टार्च शिजून फुगलेला असेल तरच एन्झाइम त्यात नीट घुसतं, कच्च्या दाण्यावर ते दात घासत बसतं. भात आणि पाणी एकत्र गरम करून ६२-६३ डिग्रीला आणा, मग चुरडलेली कोजी (फ्रिजमधली थंडगार नको) घाला, मिश्रण ५५-५६ च्या आसपास येईल. उकळत्या पेजेत कोजी टाकलीत तर खेळ संपला, दोन दिवसांची मेहनत दहा सेकंदात.

आता हे ५५ ते ६० मध्ये आठ तास ठेवायचं. माझी पद्धत थर्मासची: रुंद तोंडाचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यायचा, मिश्रण भरायचं, टॉवेलात गुंडाळायचं, तीन तासांनी तापमान बघायचं आणि ५४ च्या खाली गेलं असेल तर पातेल्यात काढून मंद आचेवर ढवळत परत ६० ला आणायचं. राइस कुकर असेल तर कीप वॉर्मवर झाकण उघडं ठेवून वर पंचा टाका, झाकण बंद केलंत तर बऱ्याच कुकरचं तापमान ७० च्या आसपास जातं. दही लावायचं मशीन चालत नाही, ते ४० च्या आसपास ठेवतं, तिथे एन्झाइम रमतगमत चालतं आणि आंबवणारे बॅक्टेरिया धावतात, सकाळी हातात आंबील.

तासाभरात घट्ट गोळा ढवळण्याइतका सैल होतो, हे अल्फा अमायलेज. चार तासांनी गोडसर. आठ तासांनी भरपूर गोड, रंग किंचित पिवळट. बिटाडिनची टेस्ट इथेही करता येते पण वरचं पाणी गाळून घ्या, दाण्याच्या तुकड्यांचा गर बराच वेळ निळा येत राहतो. बारा तासांच्या पुढे ओढू नका, गोडी फारशी वाढत नाही आणि आंबट झाक येते.

शेवटी पातेल्यात ८० डिग्रीपर्यंत तापवून एन्झाइम बंद करा, गार करून फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपवा. बाहेर ठेवलं तर यीस्ट बसून फसफसायला लागेल, आणि मग ते आमाझाके राहत नाही. आम्ही थंडीत आलं घालून गरम पितो, उन्हाळ्यात वेलची आणि बर्फ. एक मात्र लक्षात ठेवा, साखर घातलेली नाही म्हणजे साखर नाही असं नव्हे, ह्यातली बरीचशी गोडी शुद्ध ग्लुकोज आहे, रक्तात झटक्यात चढते. सासूबाईंना डायबेटीस आहे, त्या फक्त बोट बुडवून चाखतात आणि म्हणतात, "साखर नाही काय, मला काय वेडी समजलीस!"

उरलेल्या कोजीचं काय, तर कोजीच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या भागाइतकं मीठ आणि बुडेल एवढं पाणी घालून आठवडाभर रोज ढवळत बाहेर ठेवा, त्याला शिओ-कोजी म्हणतात, चिकन किंवा पनीरला चोळून अर्धा तास ठेवलं की मऊ होतं, ते प्रोटीनवाल्या एन्झाइमचं काम. आणि आमाझाकेचा तळाचा गाळ टाकू नका. मी थालीपिठाच्या भाजणीत मळून टाकते, फक्त साखरेमुळे ते फार लवकर लाल होतं आणि आतून कच्चं राहतं, तेव्हा तवा मंद ठेवा आणि झाकण घाला.